तुम्ही विचारलंत म्हणून: नुसतं मटण सोडलं की उपास होतो का?

फेब्रुवारी-मार्चमध्ये स्टाफरूममध्ये चहा आला की मी कोरा मागते. मग दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "मॅडम, तुमच्यात उपास म्हणजे नुसतं मटण बंद ना? दोन्ही वेळ जेवायचं, मग तो उपास कसला?" विचारणारी माणसं एकादशीला भगरीवर दिवस काढणारी असतात, रोज्यात पाण्याचा थेंबही न घेणारी असतात. त्यांना नीट उत्तर मिळायला हवं, आणि मधल्या सुट्टीत ते पुरं होत नाही.

मी कॅथलिक ख्रिस्ती. ईस्टरआधीचा आमचा उपवासकाळ, म्हणजे लेंट, राखेच्या बुधवारी सुरू होतो. आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) हातात धरलेल्या झावळ्या जाळून जी राख होते, ती फादर कपाळाला लावतात. तिथून ईस्टरपर्यंत 46 दिवस. त्यातले 6 रविवार पुनरुत्थानाच्या आनंदाचे, म्हणून ते उपासात धरत नाहीत. उरले 40, प्रभू येशूने अरण्यात काढले तेवढे. पण चर्चच्या आजच्या नियमाने सक्तीचा उपास दोनच दिवस आहे, राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. 18 ते 59 वयाच्या माणसाने त्या दिवशी एकदाच पोटभर जेवायचं, आणखी दोनदा थोडंसं खाल्लं तर चालतं. या काळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे चालतात. तेव्हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे.

मात्र हा बराच सैल झालेला नियम आहे. 1966 साली पोप सहावे पॉल यांनी तो आजच्या रूपात आणला. मध्ययुगातल्या युरोपात या दिवसांत मांसाबरोबर अंडी, दूध, लोणी सगळंच बंद असे. फ्रान्समधल्या रूआँच्या कॅथेड्रलचा एक मनोरा 'लोण्याचा मनोरा' म्हणून ओळखला जातो, कारण उपवासकाळात लोणी खायची परवानगी मिळावी म्हणून लोकांनी दिलेला पैसा त्याच्या बांधकामाला लागला, असं सांगतात. पुढे 1522 मध्ये झुरिकच्या एका छापखानेवाल्याच्या घरी भर उपवासकाळात सॉसेज खाल्ले गेले, आणि झ्विंग्ली या धर्मसुधारकाने खाणाऱ्यांची बाजू घेऊन प्रवचन केलं. असली सक्ती बायबलमध्ये नाही, असं त्याचं म्हणणं. तेव्हापासून प्रोटेस्टंट, म्हणजे त्या धर्मसुधारणेतून निघालेल्या पंथांच्या, घरांत उपास ज्याच्या त्याच्या मनावर. आमच्या नात्यातल्या अशा घरांत लेंटमध्ये संध्याकाळच्या प्रार्थना कसोशीने होतात, ताटात काय असावं याचा नियम नसतो.

माशांची सवलत मला कधीच पटली नाही. समुद्राच्या काठी मासे हे गरिबाचं रोजचं अन्न असेल. नागपुरात बर्फात घालून आणलेली सुरमई ही चैन आहे. शुक्रवारी चिकन सोडून ती तळली तर नियम पाळला जातो, पण सोडलं काय?

याचं उत्तर मला आमच्याच बिल्डिंगमध्ये मिळालं. खालच्या मजल्यावर केरळचं ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या ख्रिस्ती परंपरेतलं, कुटुंब राहतं. तिथल्या चेचीकडे (चेची म्हणजे मल्याळममध्ये ताई) मोठा उपास 50 दिवसांचा, आणि तो बुधवारी नाही, सोमवारी सुरू होतो. मांस, मासे, अंडी, दूध, दही, तूप, सगळं एकदम बंद. त्याच्या काही आठवडे आधी तीन दिवसांचा निनवेचा उपास असतो. बायबलमधल्या योना संदेष्ट्याने निनवे शहराला इशारा दिल्यावर तिथल्या राजाने माणसांबरोबर गुराढोरांनाही उपाशी ठेवलं, त्याची ती आठवण. ग्रीक आणि रशियन चर्चचे नियम आणखी बारीक: मोठ्या उपासात तेलसुद्धा बहुतेक शनिवार-रविवारपुरतं, मासे फक्त दोन सणांना. शिवाय नाताळाआधी 40 दिवस, प्रेषितांच्या सणाआधी काही दिवस, ऑगस्टमध्ये मरियामातेसाठी पंधरवडा, आणि वर्षभर बहुतेक बुधवार-शुक्रवार; बुधवार यहूदाने येशूला धरून देण्याचा जो सौदा केला त्यासाठी, शुक्रवार क्रुसासाठी. इथिओपियात तर सगळी बेरीज केली की सामान्य माणसाचेही वर्षातले 180 च्या आसपास दिवस उपासाचे होतात. या दिवसांत तिथे इंजेराबरोबर (आंबवलेल्या पिठाच्या पोळीबरोबर) खातात तो शिरो, म्हणजे थेट आपलं पिठलंच.

चेचीच्या घरी मला सर्वात भावलं ते हे की तिथे कोणी निवड करत नाही. आमच्याकडे हल्ली एक जण चॉकलेट सोडतो, दुसरी मोबाइल. मनापासून केलं तर तेही चांगलंच. पण सगळं घर, सगळं चर्च एकाच दिवशी एकच गोष्ट सोडतं, तेव्हा ती भूक माझ्या एकटीची राहत नाही, आणि मी किती कडक उपास करते याचं कौतुकही उरत नाही. म्हणून गेली काही वर्षं मीही दूध-तूप-अंडी बंद ठेवते. कोरा चहा तो त्यासाठी. वरणावर तूप नाही, भाकरीसोबत जवसाची चटणी, वांग्याची भाजी. साबुदाणा चालतो का, असं विचारता. चालतो, गहू-तांदूळही चालतात. आमच्यात धान्य वर्ज्य नाही.

पोटाची बाजू ही एवढीच. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेल्या एका ख्रिस्ती ग्रंथात सांगितलंय की उपासाच्या दिवशी भाकर-पाण्यावर राहा, रोजच्या जेवणाला किती खर्च आला असता ते मोजा, आणि तेवढे पैसे विधवेला, अनाथाला, गरजवंताला द्या. माझ्या लेखी उपासाची खरी व्याख्या ही. दुधाचे, अंड्यांचे, मटणाचे पैसे आम्ही डब्यात टाकतो. डबा भरला नाही तर माझा उपास म्हणजे फक्त पथ्य.

आणि कोणाला जमलं नाही तर? उत्तम शुक्रवारी बारा ते तीन चर्चमध्ये बसताना नागपूरचं ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. आजारी माणूस, गरोदर बाई, उन्हात राबणारा मजूर यांना चर्चच मोकळं ठेवतं. पाण्याला तर मुळातच बंदी नाही. बाकीच्यांसाठी ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ईस्टरच्या रात्री संत जॉन क्रिसोस्टम यांच्या नावाने चालत आलेलं एक छोटं प्रवचन वाचतात. त्यात उपास केलेल्यांना आणि न केलेल्यांनाही एकाच पंगतीला बोलावलंय, उशिरा आलेल्यालाही आधी आलेल्याइतकंच. चेचीने मला ते पहिल्यांदा वाचून दाखवलं. तेव्हापासून आमच्या ईस्टरच्या जेवणाला स्टाफरूममधलेही येतात. यंदा तुम्हीही या, मटण सावजी पद्धतीचं असेल.