टाचेतला दोरा

पुण्यातून अंधारातच निघालो. हडपसर कधी मागे पडलं कळलं नाही. तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याला लागली, आम्ही माउलींबरोबर सासवडकडे. वडकी नाल्याच्या विसाव्याला मोजा काढला, तर टाचेला रुपयाएवढा फोड.

दिंडीतल्या एक मावशी म्हणाल्या, "भोग असतात गं. मागल्या जन्माचं फेडूनच सुटायचं."

फोडाचं काही नाही. माझा मुलगा जन्मापासून ऐकू शकत नाही, आणि हेच वाक्य मी नऊ वर्षं ऐकतेय. त्याने मागल्या जन्मी काय केलं असेल? मी ताट तसंच ठेवून उठले.

रस्त्याकडेला ताडपत्रीखाली येरवड्याचे एक काका वारकऱ्यांचे पाय धूत होते. त्यांनी सुई तापवली, फोडातून दोरा ओवला आणि तसाच राहू दिला, पाणी झिरपायला.

"काका, हे मागल्या जन्माचं का हो?"

"ताई, आम्ही बौद्ध. हा फोड ओल्या मोज्याचा." मग सुई पुसत म्हणाले, "सीवक नावाच्या परिव्राजकाने, म्हणजे फिरत्या संन्याशाने, बुद्धांना हेच विचारलं होतं. पित्त, कफ, वात, बदलता ऋतू, हयगय, अशी आठ कारणं बुद्धांनी सांगितली. कर्माचा विपाक, म्हणजे फळ, हे त्या आठांतलं एक."

"मग पुनर्जन्म मानत नाही, तर कर्म कशाला मानता?"

"चेतना म्हणजे कर्म, असं त्यांचंच वचन आहे. हेतू धरला की झालं कर्म. आमचे भन्ते, म्हणजे भिक्खू, मिलिंदप्रश्न या जुन्या बौद्ध ग्रंथातला दिवा सांगतात. रात्रभर तेवतो, ज्योत क्षणाक्षणाला वेगळी. आत्मा नाही, तरी पुढचा जन्म आहे, म्हणतात. बाबासाहेबांनी मात्र मागल्या जन्माचं गाठोडं आमच्या डोक्यावरून उतरवलं. मला ती ज्योत इथेच दिसते. सकाळी मी घरात खेकसलो, की संध्याकाळी नातू तसाच खेकसतो."

"आणि वाईट माणूस सुखात मरतो, त्याचं?"

ते बराच वेळ पट्टी गुंडाळत राहिले. "ते मला अजून सुटलेलं नाही, ताई."

त्यांच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी पाय मागे घेतले.

दिवेघाटात टाळांचा नुसता कल्लोळ. रडू कशाने आलं सांगता येत नाही. दुसऱ्या वळणावर त्याच मावशींनी माझी पिशवी ओढून खांद्यावर घेतली. मी घेऊ दिली. राग गेला नव्हता. सासवडला सोपानकाकांचं दर्शन झाल्यावर दोरा काढला.