स्कॅनरला न दिसलेलं वजन

स्टुटगार्टजवळच्या आमच्या गोदामात मागच्या मंगळवारी माझं आठ महिन्यांचं काम बेट्रिब्सराटने अडवलं. हे कामगारांनी निवडून दिलेलं मंडळ. कर्मचाऱ्याच्या वागण्यावर वा कामगिरीवर लक्ष ठेवणारं कुठलंही यंत्र बसवायचं तर जर्मनीच्या १९७२ च्या कायद्यातल्या ८७ व्या कलमानुसार त्यांची संमती लागते. मी हातातले स्कॅनर जोडून कोण तासाला किती वस्तू काढतो, मध्ये किती वेळ हात थांबतो, हे मोजत होतो. परवानगी फक्त चाचणीपुरती होती, तीही नावं न दाखवता.

मला रागच आला. भोसरीच्या कारखान्यात बाबांची पगारवाढ बावीस वर्षं फोरमनच्या मर्जीवर लटकलेली मी पाहिलीय. आकडा नातंगोतं बघत नाही, पुढेपुढे करणाऱ्याला जवळ करत नाही, म्हणून तर मी यात जीव ओतला होता.

मंडळाच्या अध्यक्ष बाईंनी यादीतल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तासाला ४१, सगळ्यांत कमी. मग त्या मला खाली बारा नंबरच्या रॅकपाशी घेऊन गेल्या. तिथे ब्रेक डिस्कची खोकी असतात. साठीकडे झुकलेल्या एक तुर्की काकू प्रत्येक खोकं आधी मांडीवर टेकवत होत्या, दम घेऊन मग ट्रॉलीवर ठेवत होत्या. शेजारचा नवा मुलगा अडला की स्वतःचा स्कॅनर बाजूला ठेवून त्याला लेबल वाचायला शिकवत होत्या. माझ्या नोंदीत तो सगळा वेळ ‘रिकामा’.

फ्रान्सच्या सीएनआयएलने, म्हणजे लोकांच्या खासगी माहितीच्या वापरावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या तिथल्या गोदाम कंपनीला ३.२ कोटी युरोंचा दंड केला, तो अशाच नोंदींवरून. दहा मिनिटं हात थांबला तरी नोंद, आधीच्या वस्तूनंतर सव्वा सेकंदाच्या आत दुसरी स्कॅन केली तरी नोंद! ते वाचूनही मी ‘आपलं तसं नाही’ म्हणून सोडून दिलं होतं.

आता माणसाऐवजी रॅकचा हिशेब ठेवायचं ठरतंय, शिकवण्याचा वेळही वेगळा धरायचाय. हे मला मान्य आहे. पण फोरमनची मर्जी याहून बरी होती, हे मी कधीच मानणार नाही.

रात्री बाबांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “खोकं किती किलोचं रे?”

मला सांगता आलं नाही. बुधवारी सकाळी काट्यावर ठेवून पाहिलं. १९ किलो.