ॲम्ब्युलन्स निवडायची तर मागे बसून निवडा

मागच्या मे महिन्यात आमच्या हॉस्पिटलच्या ट्रस्टने नवीन ॲम्ब्युलन्स घ्यायचं ठरवलं आणि यावेळी आम्हाला, म्हणजे गाडीवर प्रत्यक्ष ड्युटी करणाऱ्यांनाही बोलावलं. मी ॲम्ब्युलन्सवर डॉक्टर आहे, नागपूर शहरातले कॉल आणि बाहेरगावाहून रेफर होऊन येणारे पेशंट दोन्ही करते. तीन गाड्या एकाच दिवशी कंपाऊंडमध्ये येणार होत्या. हे लिहायचं कारण असं की आपल्याकडे कितीतरी मंडळं, ट्रस्ट, पतसंस्था देणगी गोळा करून ॲम्ब्युलन्स घेतात, अगदी मनापासून घेतात, पण गाडी बघतात ती बाहेरून. इंजिन, सायरन, मायलेज आणि मागच्या काचेवर देणगीदाराचं नाव कुठे येईल ते. पेशंट आणि त्याच्याजवळ बसणारा माणूस मात्र आत असतो.

परचेसच्या साहेबांनी गाड्यांच्या तुलनेचा तक्ता मेहनतीने केला होता, पण त्यावर तिन्ही गाड्या सारख्याच दिसत होत्या. आपल्याकडे रुग्णवाहिकांसाठी एआयएस १२५ हे मानक आहे, त्यात ए ते डी असे चार प्रकार येतात, ए म्हणजे फर्स्ट रिस्पॉन्डर, बी पेशंटची नुसती ने-आण, सी बेसिक लाईफ सपोर्ट आणि डी ॲडव्हान्स्ड. तिघांनी डी लिहिलेलं, तिघांकडे व्हेंटिलेटर, मॉनिटर, डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं मशीन), सक्शन (तोंड-घशातली घाण ओढून काढणारं) सगळं होतं. मी म्हणलं साहेब, तक्ता बाजूला ठेवा, आपण या गाड्या चालत्या बघू, सामानासकट आणि माणसासकट.

आधी स्ट्रेचर. आमचा एक वॉर्डबॉय चांगला नव्वद-पंच्याण्णव किलोचा आहे, तो स्वतःहूनच पेशंट व्हायला तयार झाला. पहिल्या गाडीचा मागचा फ्लोअर उंच होता, स्ट्रेचरची पुढची चाकं वर टेकायच्या आतच सगळं वजन आमच्या हातावर आलं. आमचे पायलट भाऊ, म्हणजे ड्रायव्हर, लगेच म्हणाले, "मॅडम, हे तं रोज उचलून उचलून कंबर मोडन आपली." कंपनीचा माणूस सांगून राहिला होता की दोघं असले की चढते, पण रात्री तीन वाजता नातेवाईक रडत असतात आणि दुसरा माणूस म्हणजे मीच असते, माझ्या हातात आधीच सलाईन आणि ऑक्सिजन. दुसऱ्या गाडीत फ्लोअर खाली होता, भाऊंनी जवळजवळ एकट्यानेच आत सरकवलं. मग मी आत जाऊन लॉक लावून स्ट्रेचर हलवून पाहिलं. ही तपासणी कुणीच करत नाही आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. युरोपच्या ईएन १७८९ मानकात स्ट्रेचर आणि त्याची पकड १० जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या दहापट झटक्याला तपासतात, म्हणजे ७० किलोचा माणूस त्या क्षणी ७०० किलोच्या जोराने पुढे जायला बघतो आणि तेवढ्यालाही लॉक सुटायला नको. तिसऱ्या गाडीतला लॉक नुसत्या हातानेच दोन बोटं हलत होता. त्याच गाडीत मॉनिटर एका छोट्या पट्ट्याने बांधलेला, खाली बरोबर पेशंटचं डोकं. ती गाडी माझ्यासाठी तिथेच संपली.

उरलेल्या दोन घेऊन निघालो, स्ट्रेचरवर सीपीआरचा, म्हणजे बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबायच्या सरावाचा पुतळा, सीताबर्डीवरून कॉटन मार्केट, गांधीबाग, इतवारी आणि मग वर्धा रोड. पुतळ्याला लाईट आहे, दाब ५ ते ६ सेंटीमीटर खोल आणि मिनिटाला १०० ते १२० असला तरच हिरवा लागतो. जमिनीवर मी आरामात हिरवा ठेवते, पण गाडी चौकात वळली की लाईट गेला, ब्रेक लागला की गेला, आणि मी एका हाताने दांडा धरून एका हाताने दाबत होते, ज्याला सीपीआर म्हणताच येणार नाही. कॉल्सवर हे वर्षानुवर्षं अंगाला जाणवत होतं, पण परचेसचे साहेब समोरच्या सीटवर बसून त्या लाईटकडे बघत होते आणि त्यांचा चेहराच बदलला. म्हणून तर जागेवरच चांगला सीपीआर आणि शॉक द्यायचा आणि मग हलवायचं असं आम्ही शिकतो. आणि मागच्या सीटला बेल्ट लावूनही पेशंटच्या डोक्यापर्यंत, सक्शनच्या पाईपपर्यंत, औषधाच्या खणापर्यंत हात पोचला पाहिजे. मी पाच फूट एक इंच आहे. पहिल्या गाडीत बेल्ट लावला की सक्शन हाताला लागत नव्हतं, म्हणजे मी बेल्ट काढणार, रोज काढणार.

आता ऊन. त्या दिवशी ४४ च्या वर होतं. पहिली गाडी कंपाऊंडमध्ये तासभर उन्हात उभी होती, मी आत जाऊन ग्लुकोमीटर लावला तर आकडाच आला नाही, नुसता टेम्परेचरचा एरर. बहुतेक ग्लुकोमीटर चाळीसच्या वर गेले की असंच करतात. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात बेशुद्ध माणूस उचलला की पहिला प्रश्न हाच असतो, शुगर पडली की उष्माघात, का आणखी काही? तेच मशीन गप्प बसलं तर मी अंधारात. त्यात इंजेक्शन्स, बरीचशी २५-३० डिग्रीच्या आत ठेवायची असतात, बाळंतपणात लागणाऱ्या ऑक्सिटोसिनला तर २ ते ८ लागतं. एसी समोर गारेगार होता, पण मागच्या भागासाठी वेगळा ब्लोअर नव्हता, पुढची हवा एका खिडकीतून मागे जाईल असा हिशोब. व्हरायटी चौकात सिग्नलला उभं राहिलो तर घाम डोळ्यात यायला लागला. दुसऱ्या गाडीत मागे स्वतंत्र एसी होता आणि गाडी उभी असली तरी बऱ्यापैकी चालत होता. उष्माघाताचा पेशंट ४० च्या वर तापलेला असतो, त्याला रस्त्यातच थंड करायला लागतं, मान, काख, जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवून. त्या पिशव्या कुठे ठेवणार हे तिन्ही गाड्यांच्या ब्रोशरमध्ये नव्हतं.

इतवारीत भाऊंनी खरं कसब दाखवलं. गाडी मोठी, गल्लीच्या तोंडाशीच थांबली, पुढे हातठेले, दुचाक्या, वरून वायर. "आत घुसली तं निघाची नाही जी," म्हणाले, आणि बरोबर होतं. ट्रस्टमधले एकजण म्हणाले मग छोटी व्हॅनच घ्या ना. पण छोट्या व्हॅनमध्ये पेशंटच्या डोक्यामागे बसायला जागा नाही, श्वासनळीत ट्यूब घालायची तर कुठून घालू? माझं म्हणणं होतं, गाडी मोठीच घ्या आणि गल्लीसाठी स्कूप स्ट्रेचर (दोन भागात उघडून पेशंटच्या खाली सरकवायचं) आणि स्टेअर चेअर (जिन्यावरून उतरवायची खुर्ची) घ्या. महाल-इतवारीतले जुने वाडे, लाकडी अरुंद जिने, आणि नवीन फ्लॅट स्कीममधल्या लिफ्टमध्येही स्ट्रेचर आडवं मावत नाही. खुर्चीत बसवून बांधून उतरवता येतं. चादरीत गुंडाळून माणसं उतरवलेली मी खूप पाहिली आहेत, मान दुखावलेल्याला तर तसं अजिबात उतरवू नये.

ऑक्सिजनवर साहेबांशी थोडी वादावादी झाली. ते म्हणाले बी टाईप सिलेंडर दोन आहेत ना. मी तिथेच हिशोब मांडला. बी टाईपमध्ये साधारण १५०० लिटर, मास्कला मिनिटाला १५ लिटर लावलं तर एक सिलेंडर १०० मिनिटं, तेही पूर्ण भरलेलं असेल तर. गडचिरोलीहून नागपूर १७० किलोमीटरच्या आसपास, वाटेत जंगल, पावसाळ्यात रस्ते काय होतात सगळ्यांना माहीत आहे. दुसरं सिलेंडर धरलं तरी वाटेत थांबणं, मेडिकल कॉलेज हॉस्पिटलच्या गेटवरची गर्दी, बेड मिळेपर्यंतचा वेळ कोण मोजणार? डी टाईप सिलेंडरमध्ये ७००० लिटर असतं. साहेबांनी मोबाईलवर स्वतः भागाकार केला आणि काही बोलले नाहीत, तक्त्यात डी टाईप दोन असं लिहून टाकलं. भाऊंनी लगेच विचारलं बदलायचं कसं, कारण ते जड धूड काढायला दोघं लागतात, म्हणून बाहेरून उघडणारा दरवाजा मागितला.

शेवटी दुसरी गाडी ठरली. सगळ्यात महाग नव्हती, स्वस्तही नव्हती. व्हेंटिलेटर एक पायरी साधा घेतला, जो आमच्या सगळ्या स्टाफला चालवता येतो, आणि त्यातून वाचलेल्या पैशात स्टेअर चेअर, स्कूप, छोटा फ्रीज आणि बर्फाची पेटी बसवून घेतली. भाऊंना रिव्हर्स कॅमेरा मिळाला. नातेवाईकाच्या सीटला तीन पॉईंटचा बेल्ट मात्र कंपनी अजून द्यायला तयार नाही, कमरेचाच आहे म्हणते, त्यासाठी माझा पाठपुरावा चालू आहे आणि तो लागल्याशिवाय डिलिव्हरीवर सही करायची नाही असं अध्यक्षांनीच साहेबांना सांगितलंय.