काट्याची कड

कोल्हापुरात महाद्वार रोडलगतच्या माझ्या घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात गेल्या श्रावणात एक तरुण दोन घड्याळे घेऊन आला. दोन्ही दिसायला रोलेक्स सबमरीनर, काळ्या डायलची. पहिले नकली आहे हे ठाऊक असूनच त्याने ते हौसेने घेतले होते. दुसरे मात्र ओळखीतल्या एकाने अस्सल म्हणून गळ्यात मारले होते आणि त्यासाठी त्याने पतसंस्थेचे कर्ज काढले होते. ‘काका, दोन्ही शेजारी ठेवून नीट बघा आणि काय असेल ते सांगा,’ एवढेच तो म्हणाला.

वरवर पाहता दुसरे घड्याळ कितीतरी सरस होते. पहिल्याच्या काचेवरच्या भिंगातून तारीख जेमतेम दीडपट दिसत होती; दुसऱ्यात ती, मूळ घड्याळात दिसते तशीच, अडीचपट होऊन खिडकी भरून टाकत होती. पहिल्याची बेझल, म्हणजे काचेभोवतीची फिरती कडी, सैल होती. दुसऱ्याची एकाच दिशेने घट्ट फिरत होती आणि मी मोजले तेव्हा टप्पेही बरोबर १२० भरले. सहाच्या खुणेपाशी काचेत कोरलेला रोलेक्सचा बारीक मुकुट जुन्या नकलांत एवढा ठळक असे की तेवढ्यावरून घड्याळ ओळखता येई. इथे तो तिरक्या उजेडात, तोही बऱ्याच प्रयत्नांनी सापडला. ज्याने हे केले त्याचा हात चांगला होता, हे मला मान्य करावेच लागेल.

मग मी दहापट भिंग लावून काटे पाहिले. पहिल्याच्या मिनिटकाट्याला पत्रा कापताना उरलेली खरखरीत कड तशीच होती. दुसऱ्याचा काटा वरून आरशासारखा होता, परंतु घड्याळ कलते धरताच कडेवर मुलामा मध्येच संपलेला आणि त्याखाली पिवळे पितळ दिसले. मूळ घड्याळात काटे आणि तासखुणांच्या चौकटी १८ कॅरेट पांढऱ्या सोन्याच्या असतात. शेजारच्या गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत, कोल्हापुरी साजाच्या पानाची मागची बाजूही कानसून गुळगुळीत करणारे कारागीर मी लहानपणापासून पाहत आलो आहे, त्यामुळे माझी नजर आपसूक अशा न दिसणाऱ्या कडेकडे जाते.

त्याला विचारून मी मागचे झाकण उघडले. १९८८ पासून वापरात आलेल्या रोलेक्सच्या ३१३५ या मशीनमध्ये बॅलन्स व्हीलवरचा, म्हणजे मागेपुढे झुलून चाल राखणाऱ्या चाकावरचा, पूल दोन्ही टोकांना पक्का बसवलेला असतो आणि चाल जलद-मंद करायची दांडी नसते. चाकाच्या आतल्या बाजूचे सोनेरी नट फिरवून चाल जुळवतात. दुसऱ्या घड्याळात तो पूल हुबेहूब होता, सोनेरी ठिपकेही होते, परंतु पुलाखाली ती दांडी होती आणि ठिपके नुसते रंगवलेले होते. खड्यांच्या छिद्रांत तेलाचा थेंबही नव्हता. पहिल्या घड्याळाचे मशीन अगदी साधे होते, पण निदान कशाचा आव आणत नव्हते.

मी सांगितले तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने भिंग मागून स्वतः ती पिवळी कड पाहिली. पैसे परत मागताना हाताशी असावे म्हणून मी दुकानाच्या बिलावर जे दिसले ते सगळे लिहून सही केली. दुसरे घड्याळ त्याने रुमालात गुंडाळून खिशात घातले. पहिले माझ्याकडेच ठेवले आणि ‘ह्याला तेलपाणी करून द्या,’ म्हणाला.