पंचासाठी प्रार्थना

रविवार, रात्र

काल मी एका मुलावर ओरडलो. आमच्या धाकट्याच्या फुटबॉल संघाचा गोल ऑफसाइड म्हणून रद्द झाला आणि रेषेबाहेरून माझ्या तोंडून निघालं, "डोळे फुटलेत का!" पंच असेल वीस-एकवीस वर्षांचा. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि फ्री-किकची जागा दाखवायला धावला.

आज चर्चच्या उपासनेत बायबलमधल्या, पौलाने लिहिलेल्या कलस्सैकरांस पत्राचा तिसरा अध्याय होता. ख्रिस्ताची शांती तुमच्या अंतःकरणात राज्य करो, हे वचन लहानपणापासून पाठ आहे. पाळकांनी सांगितलं, 'राज्य करो' असं आपण वाचतो तिथे पौलाचं मूळ ग्रीक क्रियापद खेळाच्या मैदानावरून आलेलं आहे. 'ब्राब्यूस' म्हणजे स्पर्धेचा निकाल देणारा, बक्षीस कोणाचं ते ठरवणारा. म्हणजे मनात वाद उठला की ख्रिस्ताची शांती तिथे पंच होवो. पुढचं प्रवचन मला नीट ऐकू आलं नाही. कालचं माझंच वाक्य कानात होतं.

घरी येऊन ऑफसाइडचा विचार करत बसलो. पास मिळणारा खेळाडू चेंडूच्या आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्याही पुढे, गोलाजवळ असला की ऑफसाइड. खेळाडू कुठे होता हे चेंडू त्याच्यापाशी पोहोचतो तेव्हा बघायचं नसतं. सहकाऱ्याचा पाय चेंडूला लागतो त्या क्षणी बघायचं असतं. म्हणजे एक नजर पास देणाऱ्याच्या पायावर आणि दुसरी पार पलीकडे, शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्यावर. मोठ्या सामन्यांत त्यासाठी दोन्ही बाजूंना सहायक पंच असतात. काल तो पोरगा एकटा होता, धावत होता, आणि कौल लगेच द्यायचा होता. आपल्याकडे पंचामुखी परमेश्वर म्हणतात खरं, पण पंचाला दोनच डोळे असतात.

२०१० सालच्या जूनमधला अमेरिकेतला तो बेसबॉलचा सामना मी विसरू शकत नाही. चेंडू टाकणाऱ्या आर्मांडो गलारागाने ओळीने २६ फलंदाज बाद केले होते. सत्ताविसावाही बादच होता, पण पंच जिम जॉइस यांनी त्याला नाबाद ठरवलं आणि अतिशय दुर्मीळ असा 'परफेक्ट गेम', म्हणजे एकालाही निसटू न देता ओळीने सगळे २७ बाद करणं, हुकला. चित्रफीत पाहिल्यावर जॉइस यांनी चूक कबूल केली, गलारागाची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी संघाची यादी पंचांच्या हाती द्यायला गलारागाच गेला. जॉइस डोळे पुसत होते. क्षमेवर मी पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत, पण क्षमा म्हटलं की मला आधी तो कागद आठवतो.

आम्ही सामन्याआधी प्रार्थना करतो. दोन्ही संघांसाठी, कोणाला दुखापत होऊ नये म्हणून. पंचासाठी एकदाही केलेली नाही. नियमाप्रमाणे खेळल्याशिवाय मुकुट नाही, असं पौल तीमथ्याला लिहितो. मग नियम राखणारा माणूस आमच्या प्रार्थनेत कसा नव्हता?

दुपारी मैदानावर गेलो. मोठ्या मुलांचा सामना होता, पंच तोच. सुरू व्हायच्या आधी त्याला गाठून माफी मागितली. तो गोंधळला. मग म्हणाला, "काका, रात्री मी पण त्या गोलाचाच विचार करत होतो. कौल बरोबर दिला का, अजून सांगता येत नाही."

"मलाही नाही," मी म्हणालो.

त्याने माझा हात हातात घेतला, आणि नाणं उडवायला मैदानाच्या मध्यभागी गेला. मी रेषेबाहेर उभं राहून त्याच्यासाठी प्रार्थना केली.