जोसेफिनने नाकारलेल्या प्लेट्स

लंडनला हाइड पार्क कॉर्नर स्टेशनातून वर आलं की जवळच अ‍ॅप्सली हाउस आहे, वेलिंग्टनच्या ड्यूकचं घर. बरेच लोक इथे पेंटिंग्ज आणि जिन्यापाशी उभा असलेला नेपोलियनचा अवाढव्य संगमरवरी पुतळा बघायला येतात, पण मी सांगेन की आधी चिनीमातीच्या भांड्यांना वेळ द्या, कारण सेव्रचा इजिप्शियन डेझर्ट सेट, म्हणजे जेवणानंतरच्या गोडाची भांडी, इथे आहे.

सेव्र म्हणजे पॅरिसजवळचा पोर्सिलेनचा कारखाना. १७५९ मध्ये पंधराव्या लुईने तो सरळ स्वतःच्या ताब्यात घेतला आणि मग कुठल्या दरबाराशी दोस्ती जमवायची असली की तिथली भांडी भेट म्हणून जायची. टिपू सुलतानाचे वकील १७८८ मध्ये इंग्रजांविरुद्ध मदत मागायला सोळाव्या लुईकडे गेले, त्यांनाही सेव्रची भांडी मिळाली, फौज नाही मिळाली.

राजे गेले तरी नेपोलियनने ही पद्धत चालूच ठेवली. पहिला इजिप्शियन सेट १८०८ मध्ये रशियाच्या झार अलेक्झांडरला गेला, मग घटस्फोटानंतर आधीची बायको जोसेफिनसाठी दुसरा करायला घेतला, कारागीर १८१२ पर्यंत त्यावर खपले आणि तयार झाल्यावर बाईंनी नको म्हणून परत पाठवला, फार रुक्ष वाटला त्यांना! तो तसाच कारखान्यात पडून होता, शेवटी १८१८ मध्ये अठराव्या लुईने वेलिंग्टनला देऊन टाकला. वेलिंग्टनने वॉटर्लूची लढाई जिंकली म्हणूनच लुईला गादी परत मिळाली होती ना, म्हणजे नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेची आठवण नेपोलियनला हरवणाऱ्याच्याच टेबलावर.

जोसेफिनचं मला अजिबात पटलं नाही. प्लेटच्या मधोमध तपकिरी छटांमध्ये पडकी देवळं, नदीकाठ, माणसं इतकी बारीक रंगवलीयेत की काचेला नाक लावून बघावं लागतं, भोवती गडद निळी किनार आणि तिच्यावर सोन्यात इजिप्शियन चिन्हं. चित्रं नेपोलियनबरोबर इजिप्तला गेलेल्या देनोंच्या रेखाटनांवरून घेतलीत. ती चित्रलिपी तेव्हा कुणालाच वाचता येत नव्हती, शांपोलियोंने ती उलगडली १८२२ मध्ये.

आणि टेबलाच्या मधे मांडायची ती देवळांची रांग! ओबेलिस्क म्हणजे उंच निमुळते खांब, मेम्नॉनचे बसलेले भव्य पुतळे, मेंढ्यांच्या मूर्तींच्या ओळी, सगळं मिळून साडेसहा मीटरच्या आसपास, पांढरंशुभ्र, बिनझिलईचं. याला बिस्किट पोर्सिलेन म्हणतात. भट्टीत पोर्सिलेन आक्रसतं, वाकतं, आणि इथे चूक लपवायला ना झिलई ना रंग, तरी देवळाचे खांब सरळ उभे आहेत, मी तर बघतच राहिले.

१९७९ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने हा सेट विकत घेतला, बघायला मात्र इथेच मिळतो.

मराठी माणसाने इथला दख्खन सेटही शोधून बघावा. चांदीवर सोन्याचा मुलामा, वेलिंग्टन नुसता आर्थर वेलस्ली असताना दख्खनच्या मोहिमेतल्या त्याच्या अधिकाऱ्यांनी वर्गणी काढून दिलेला. ती मोहीम म्हणजे १८०३ मध्ये आपल्या जालना जिल्ह्यात असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी झालेली लढाई, मग अडगाव, मग गाविलगड. असईला इंग्रजांचेच दीड हजारावर लोक मेले किंवा जखमी झाले, आणि पुढे वॉटर्लू जिंकल्यावरही हा माणूस आपली सगळ्यात चांगली लढाई म्हणून असईचंच नाव घ्यायचा.