समुद्र पूर्वेला गेला

कलाशाळेत प्रिंटमेकिंग शिकत असताना मी तांब्याच्या प्लेटवर एका काल्पनिक किनाऱ्याचा नकाशा कोरला होता. तळहाताएवढाच. छापल्यावर सगळं उलटं उमटतं, म्हणून अक्षरं तेवढी आरशात बघून उलटी कोरली. किनारा मात्र कागदावर होता तसाच उतरवला. प्रूफ काढलं, तर ‘पश्चिम समुद्र’ ही अक्षरं सुरेख आली होती. फक्त समुद्र पूर्वेला होता. सर काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसत बसले.

ब्युरिन, म्हणजे कोरायचं टोकदार हत्यार, ओढायचा नसतो, पुढे ढकलायचा असतो. त्याची गोल मूठ तळहातात रुतते. वळण आलं की हात नाही, उशीवरची प्लेट फिरवायची. टोकापुढे तांब्याची बारीक तार सुटत जाते. हात घसरला की संपलंच. म्हणजे, अगदीच नाही: चूक खरवडायची, प्लेट पालथी करून कॅलिपरनं नेमकी जागा हेरायची, मागून हातोडीनं ठोकून तो खळगा वर आणायचा, घासून गुळगुळीत करायचा आणि पुन्हा कोरायचं. जुन्या नकाशांतली चुकलेली गावं, नद्या अशाच दुरुस्त व्हायच्या. माझा अख्खा किनारा कुठे ठोकत बसणार?

सोळाव्या शतकातला नकाशाकार मर्केटर आपल्याला भूगोलाच्या पुस्तकात नकाशाचं प्रक्षेपण होऊन भेटतो. मला तो आधी अक्षरवाला वाटतो. गणिती गेम्मा फ्रिसियसच्या १५३६ च्या पृथ्वीगोलावरची अक्षरं त्यानं कोरली, आणि १५४० मध्ये तिरप्या इटालिक वळणावर पुस्तकच काढलं. ही अक्षरं अंग चोरून बसतात, दाटीवाटीच्या नकाशाला तेच हवं. त्याचा १५६९ चा जगाचा नकाशा १८ तावांचा. सगळा उलटा कोरलेला, आणि समुद्र जागच्या जागी!

१५९४ मध्ये तो गेला, पण त्याच्या अ‍ॅटलासच्या प्लेटा राहिल्या. १६०४ मध्ये त्या ॲमस्टरडॅमच्या नकाशाकार योडोकस होंडियसनं विकत घेतल्या, नव्या नकाशांची भर घातली आणि १६०६ मध्ये अ‍ॅटलास काढला, तोही मर्केटरच्या नावानं. १६१२ मध्ये होंडियसही गेला. धंदा त्याची बायको कोलेत हिनं पुढे चालवला. १६१३ च्या आवृत्तीत एक चित्र आहे: मर्केटर आणि होंडियस एकाच टेबलाशी, पृथ्वीगोल घेऊन कामात गढलेले. तोवर दोघेही मेलेले.

कोलेत त्या चित्रात कुठेच नाही.